बॉम्बे जिमखाना १९३३ : अकरा कार्डांच्या नोंदी

२१ जून २०२५, शनिवार

प्रकल्प ठरला. भारतातली पहिली कसोटी १५ ते १८ डिसेंबर १९३३ या दिवसांत बॉम्बे जिमखान्यावर झाली. त्या सामन्यात उतरलेल्या इंग्लंडच्या अकराही जणांचं एकेक जुनं सिगरेट कार्ड (सिगरेटच्या पाकिटात मिळायचं ते चित्राचं कार्ड) जमवायचं. जार्डिन (कप्तान), वॉल्टर्स, मिचेल, बार्नेट, जेम्स लँग्रिज, व्हॅलेंटाइन, टाउनसेंड, निकोल्स, व्हेरिटी, क्लार्क आणि यष्टिरक्षक एलियट.

"इंग्लंडचेच का गं आई?" हा चिरंजीवांचा प्रश्न. ही कार्डं ब्रिटिश सिगरेट कंपन्यांनी आपल्या तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी छापली, म्हणून सुरुवात तिथून. नायडू, अमरनाथ, मर्चंट, एल. पी. जय, जमशेटजी यांच्यासाठी जुनी वर्तमानपत्रं आणि स्मरणिका धुंडाळाव्या लागतील. त्याची फाइल वेगळी, आणि ती चोरबाजारापासून सुरू होईल.

नियम : मूळ छपाईच हवी, पुनर्मुद्रण चालणार नाही. संच कोणताही चालेल. कोपरे थोडे झिजलेले चालतील. एका कार्डाला दहा पौंडांच्या वर जायचं नाही. जार्डिन आणि व्हेरिटी अपवाद, कारण त्यांचे भाव आत्ताच दिसतायत.

हा सामना निवडण्याचं कारण साधं आहे. सीएसएमटीहून ऑफिसला जाताना रोज त्या कुंपणावरून जाते, आणि इथे काय घडलं होतं हे आमच्या अख्ख्या मजल्यावर एकालाही ठाऊक नाही.

३० जून, सोमवार

वॉल्टर्स, बार्नेट, निकोल्स आले. म्हणजे लेस्टरला ताईच्या घरी आले. तिघंही ठरलेल्या किमतीला, एकाच दुकानदाराकडून, भांडण नाही. व्हॅलेंटाइनही त्याच्याकडेच मिळाला. या पठ्ठ्याने जिमखान्यावर पदार्पणात १३६ काढल्या होत्या, पण आपण त्या सामन्यातलं अमरनाथचं ११८ तेवढं लक्षात ठेवतो. ठेवावंच, भारताचं ते पहिलं कसोटी शतक.

पत्ता ताईचा का, ते इथे लिहून ठेवते. बरेच विक्रेते ब्रिटनबाहेर पाठवतच नाहीत. जे पाठवतात त्यांचं टपाल कार्डाच्या किमतीच्या कितीतरी पट, आणि वर इथे कस्टमची वाट बघा. ईबेची भारतातली साइट २०१८ मध्येच बंद झाली. त्यामुळे मावसबहीण हेच माझं विदेश डाक भवन. फोनवर म्हणाली, "अगं, आमच्या पोस्टमनला वाटत असेल मी सिगरेटीच मागवते."

१४ जुलै, सोमवार

व्हेरिटी गेला.

ईबेवरचा लिलाव तिकडच्या रविवार संध्याकाळी आठ दहाला संपणार होता, म्हणजे आपल्या रात्री बारा चाळीसला. बाकी सगळे झोपलेले. नऊ सेकंद उरली असताना ९ पौंड ३७ पेन्स टाकले. ३७ मुद्दाम. लोक गोल आकडे टाकतात, आणि दोन बोली सारख्या झाल्या तर आधीची जिंकते. म्हणून वर थोडी चिल्लर ठेवायची. आकडा टाकल्या टाकल्या लाल पट्टी आली, तुमच्यापेक्षा मोठी बोली आहे. ९.८७ ला गेलं.

हे ९.८७ नीट बघण्यासारखं आहे. या साइटवर तुम्ही आपली कमाल रक्कम सांगून ठेवता. मग यंत्र तुमच्या वतीने, दुसऱ्या नंबरच्या माणसाच्या फक्त एक पायरी वर बोली ठेवतं. पाच ते पंधरा पौंडांत पायरी पन्नास पेन्सची, त्यापुढे साठपर्यंत एका पौंडाची. माझे ९.३७ आणि वर एक पायरी, झाले ९.८७. म्हणजे विक्रीच्या आकड्यातून सगळ्या जगाला कळलं की मी कुठे थांबले. तो कुठे थांबला असता ते कोणालाच कळलं नाही. दहाला? पन्नासला? हरणाऱ्याची झाकली मूठ उघडते आणि जिंकणाऱ्याची तशीच राहते, हा या पद्धतीतला सगळ्यात चिडवणारा भाग.

बोलीच्या इतिहासात जिंकणाऱ्याचं नाव लपवलेलं असतं. दोन टोकांना एकेक अक्षर आणि मध्ये तीन तारे. शेजारी त्याच्या जुन्या व्यवहारांचा आकडा. तो चार अंकी होता, तेवढा टिपून ठेवला.

२८ जुलै, सोमवार

टाउनसेंडही गेला. माझे ५.६२, विक्री ६.१२. पुन्हा तीन तारे, पण अक्षरं आणि आकडा निराळा. म्हणजे हा दुसरा कोणी.

लेस्ली फ्लेचर टाउनसेंडसाठी जगात दोन माणसं रात्र जागवतात हे मला खरंच वाटलं नव्हतं.

३ ऑगस्ट, रविवार

लिलाव नाही, साठवणीचं काम. मुलुंडच्या पावसात कागदाचं काय होतं ते सांगायला नको. सिगरेट कार्ड साधारण ३६ बाय ६८ मिलिमीटरचं. मऊ पाकिटात सिगरेटी चेपू नयेत म्हणून ताठ पुठ्ठा घालायचे, पुढे त्याच पुठ्ठ्यावर चित्रं आली. १९३० च्या दशकातल्या काही संचांच्या पाठीला डिंक असतो, जीभ लावून अल्बममध्ये चिकटवण्यासाठी. लंडनमध्ये नव्वद वर्षं सुखरूप राहिलेला तो डिंक इथे जुलैत जागा होतो. कार्ड वाकतं, शेजारच्या पानाला धरतं, आणि सोडवायला गेलात तर पाठीवरचा मजकूर निघून येतो.

ताई हिवाळ्यात येणार तोवर कार्डं तिच्याकडेच आहेत, हे बरं. तोपर्यंत इथली तयारी : पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या (पीव्हीसीच्या नकोत, कालांतराने चिकट होतात), सिलिका जेल, आणि लाकडी कपाटाऐवजी झाकण घट्ट बसणारा डबा. डबा चकलीचा आहे. दिवाळीत त्यावरून वाद होईल.

१० ऑगस्ट, रविवार

गिरगावातल्या काकांकडे गेले. ते काड्यापेटीची लेबलं जमवतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. त्यांना व्हेरिटीची हकिकत सांगितली. ते हसले. त्यांनी लिलाव केले ते खोलीत बसून. समोरचा माणूस दिसायचा, त्याने रुमाल काढला की कळायचं, गडी संपत आला. "तुझा तो तीनतारे, त्याला घाम येतो का हे तुला दिसतच नाही," म्हणाले.

त्यांच्या लेबलवाल्यांचा आता फोनवर ग्रुप आहे. तिथला नियम शहाणपणाचा वाटला : रात्री दहाला बंद, पण शेवटच्या बोलीनंतर पाच मिनिटं शांत गेली तरच. कोणी नऊ एकोणसाठला बोलला की पुढे पाच मिनिटं मिळाली. शेवटच्या सेकंदाला झडप घालण्यात काही अर्थच उरत नाही.

घरी येऊन शोधलं तर यावर अभ्यासही झालेला आहे. अल्विन रॉथ (यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल) आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी ईबे आणि त्या काळी चालणारे अ‍ॅमेझॉनचे लिलाव यांची तुलना केली. अ‍ॅमेझॉनवर दहा मिनिटं बोली न आली तरच लिलाव संपायचा, ईबेवर ठरल्या क्षणी. शेवटच्या मिनिटातली गर्दी ईबेवर कितीतरी जास्त निघाली. म्हणजे हा माणसांच्या स्वभावाइतकाच घड्याळाच्या नियमाचा प्रश्न आहे. हे वाचून झोप लागायला मदत झाली, कार्ड मिळायला नाही.

निघताना काका म्हणाले ते खरं कामाचं : "किती देतोय ते सोड. त्याला काय हवंय ते बघ."

२५ ऑगस्ट, सोमवार

क्लार्क. इथे एक विचित्र प्रकार. शून्य व्यवहारांचा एक बोलीदार तीनदा वर चढला, मी थांबले, त्याला मिळालं. आज तेच कार्ड, तोच फोटो, त्याच विक्रेत्याकडे पुन्हा लिलावात. आधीच्या गिऱ्हाइकाने पैसे भरले नाहीत, अशी टीप. असेलही. विक्रेत्याने स्वतः किंवा मित्राकडून भाव चढवून घेणं साइटच्या नियमांत बसत नाही, पण तीन ताऱ्यांआड कोण आहे हे मी कसं सिद्ध करणार? त्या विक्रेत्याचं नाव यादीतून काढलं. क्लार्क दुसरीकडे मिळेल, तो काही कोहिनूर नव्हे.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

उलगडलं.

काल रात्री पाच कार्डांचा एक लॉट होता, सगळे डर्बीशायर या इंग्लिश काउंटी संघाचे. मला त्यात रस होता तो टाउनसेंडमुळे. टाउनसेंडच्या वेळचाच तीनतारे तिथे होता आणि त्याने तो लॉट असा उचलला की मी आकडा टाकायच्या आतच माझ्या मर्यादेच्या वर गेला. मग त्याचा आकडा जिथे जिथे दिसला होता ते आठवून बघितलं. निकोल्सच्या कुठल्याही लिलावात नाही. क्लार्कच्या नाही. व्हेरिटीच्याही नाही. त्याला १९३३ शी देणंघेणं नाही. तो डर्बीशायर जमवतोय! काउंटी अजिंक्यपद डर्बीशायरने १९३६ मध्ये जिंकलं, आणि टाउनसेंड आणि एलियट दोघंही त्या संघातले.

तर हा डर्बीकर. आणि व्हेरिटी नेणारा बहुधा यॉर्कशायरवाला, कारण तो मिचेलवरही दिसला, आणि दोघंही यॉर्कशायरचे. त्याचं नाव यॉर्ककर.

आता यादी पुन्हा वाचली तेव्हा प्रकार लक्षात आला. हे अकरा जण एकत्र हवेत अशी मी बहुधा एकटीच आहे. पण त्यातला एकही जण माझ्या एकटीचा नाही. लँग्रिजला ससेक्सचे लोक आहेत, बार्नेटला ग्लॉस्टरशायरचे, व्हॅलेंटाइनला केंटचे. जार्डिनला तर बॉडीलाइनवाले (फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकायचा त्याचा ऑस्ट्रेलियातला डाव), म्हणजे अख्खा ऑस्ट्रेलिया. प्रत्येक कार्डावर एक निराळा भाऊबंद बसलेला, आणि त्या भाऊबंदांना एकमेकांची कल्पनाही नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

टाउनसेंड मिळाला. ९९ पेन्सला. एकच बोली, माझी.

विचार असा केला : डर्बीकराला टाउनसेंड प्रत्येक संचातला हवा. मला कुठल्याही संचातला एक. तर ज्या संचातलं कार्ड त्याने जुलैत माझ्या डोळ्यांदेखत नेलं, त्याच संचातलं दुसरं येईपर्यंत थांबायचं. त्याच्याकडे ते आहे, तो कशाला येईल? कोपरे फारच चांगले असते तर आला असता, म्हणून मुद्दाम जरा मळकट प्रत निवडली. शेवटची दहा सेकंदं तरीही छाती धडधडत होती. आलाच नाही.

याचा अर्थ जुलैत हरणं हे एका परीने त्याला वाटेतून बाजूला करणं होतं. ६ पौंड १२ पेन्स त्याचे गेले, माझं काम झालं. चिरंजीव म्हणाले, "आई, तू भयंकर आहेस." फुटबॉलची कार्डं तो विकतो-घेतो, त्याच्याकडून ही दाद मोठी.

यॉर्ककरावर मात्र हे चालत नाही. व्हेरिटीच्या मागे एक माणूस नाही, रांग आहे. नॉटिंगहॅमशायरविरुद्ध १९३२ मध्ये १० धावांत १० बळी घेणारा, १९४३ मध्ये इटलीत युद्धकैदी असताना मरण पावलेला गोलंदाज. त्याला यॉर्कशायर विसरणार नाही. एक गेला की दुसरा तीनतारे येतो. तिथे वाट बघून भाव उतरत नाहीत. व्हेरिटी आणि मिचेल दोघेही दुकानदाराकडून ठरल्या किमतीला घेऊन टाकले. व्हेरिटीचे तेरा पौंड पडले, लिलावापेक्षा जास्त. पण त्या लिलावातून उठले याचाच आनंद.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

उद्या डग्लस जार्डिनचा जन्मदिवस. २३ ऑक्टोबर १९००, मलबार हिल. वडील माल्कम जार्डिन इथे वकिली करत, पुढे मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल झाले. म्हणजे भारतातल्या पहिल्या कसोटीत पाहुण्या संघाचा कप्तान मुंबईत जन्मलेला, आणि नऊ गडी राखून जिंकूनही गेला. आपल्याकडे त्याला कोणी मुंबईकर म्हणत नाही. म्हणावं असा माझाही आग्रह नाही.

भाऊ फराळाला आला होता. कुठेतरी वाचून आलाय की अमेरिकेत मिकी मँटलचं १९५२ चं बेसबॉल कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. खरं आहे, ऑगस्ट २०२२ मधली गोष्ट. "मग तुझ्या डब्यात किती?" असं विचारून त्याने चकलीचा डबा उघडला. आत सिलिका जेल. मी म्हटलं, पाच-सात हजार रुपये, टपाल धरून. त्याचा रस तिथेच संपला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

व्यावहारिक नोंद. काल इंग्लंडची घड्याळं एक तास मागे गेली. आता त्यांच्या संध्याकाळी आठ म्हणजे आपली रात्री दीड. मार्चअखेरपर्यंत हेच. सोमवारी सहा पन्नासची लोकल पकडायची असताना. लँग्रिज याच वेळेत मिळाला, सव्वादोन पौंडांना, ससेक्सवाले बहुधा जेवायला बसले असावेत. पैसे भरताना बँकेचा ओटीपी उशिरा आला आणि मी खुर्चीतच डुलकी काढली.

काहीजण शेवटच्या सेकंदाची बोली टाकायला सॉफ्टवेअर वापरतात. चिरंजीवांचं मत, मीही वापरावं. खात्याचा पासवर्ड तिसऱ्या कोणाला देणं मला पटत नाही. जागीन.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. पावसाने सामना उशिरा सुरू झालेला, निकाल लागेपर्यंत मध्यरात्र, आणि मग आमच्या गल्लीत फटाके, ढोल, सोसायटीच्या गेटवर पेढे. खालच्या जोशीकाकू गाऊनवर ओढणी घेऊन नाचल्या. अशा रात्री झोपायचा प्रश्न नव्हता, त्यामुळे एक चाळीसला जार्डिनच्या लिलावाला मी टक्क जागी होते. इतकी तयारी कधीच नव्हती.

मर्यादा २१ पौंड ३७. सात सेकंद. २२.३७ ला गेला.

रात्रीचे एक चाळीस म्हणजे सिडनीत सकाळचे सात दहा. तिथला कोणी बॉडीलाइनवाला कॉफीचा घोट घेत, ऑफिसच्या आधी आरामात बोली लावतोय, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना. १९३२-३३ मध्ये याच माणसाला त्यांनी शिव्या घातल्या आणि आता त्याचंच कार्ड बावीस पौंड देऊन नेतात. वैर असं जपावं लागतं.

खाली अजून गाणी चालू होती. उतरून पेढा खाल्ला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ताई आली, एका लग्नासाठी. पाकीट सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत होतं. कार्डं सगळी ठीक. क्लार्कही आहे, त्या दुसऱ्या विक्रेत्याकडचा, दीड पौंड. बार्नेटच्या पाठीला डिंक आहे, त्याला वेगळ्या पिशवीत टाकला.

एकेक करून भिंगाखाली बघितली. पुनर्मुद्रण ओळखायला पाठ आधी बघायची : पुष्कळांवर तसं छापलेलं असतं. नसेल तर कागद बघायचा. जुना पुठ्ठा कडांनी तपकिरी पडतो, नव्याच्या कडा पांढऱ्याशुभ्र राहतात. सगळी मूळ आहेत.

ताईला म्हटलं, एवढे उपद्व्याप तुला कशाला करायला लावते मी. म्हणाली, "गप. तो जार्डिन कधी पाठवायला लावतेस ते सांग."

८ डिसेंबर, सोमवार

जार्डिन. लिलावात नाही. एका दुकानदाराच्या 'सदोष माल' अशा पानावर, एक कोपरा दुमडलेला, मधून सुरकुती, चार पौंड. बॉडीलाइनवाल्यांना असला नको असतो. मी दोन मिनिटंही विचार केला नाही. सुरकुती नेमकी कपाळावर आहे, त्यामुळे आधीच त्रासलेला चेहरा आणखी त्रासलेला दिसतो. शोभतो.

दहा झाले. एलियट उरला.

१५ डिसेंबर, सोमवार

सामन्याची तारीख. जेवणाच्या सुट्टीत जिमखान्याच्या कुंपणाशी उभी राहिले. आत कोणीतरी गवतावर पाणी मारत होतं. ऑफिसमधली एकजण सोबत होती, तिला अकराही नावं सांगितली. तिने विचारलं, "आणि आपले?" बरोबर विचारलं. काकांना सांगून ठेवलंय, चोरबाजारात १९३३ चे अंक दिसले तर बाजूला ठेवा म्हणून.

१९ डिसेंबर, शुक्रवार

शोधाची सूचना आली. एलियट, लिलावात, रविवारी संपणार. फोटोत पाठ दाखवलेली आहे, मूळ वाटतं, प्रकृती चांगली. सुरुवात ९९ पेन्सला.

बोलीचा इतिहास उघडला. डर्बीकर कालच येऊन बसलाय. शेवटच्या सेकंदाची वाट बघणारा माणूस, याने तीन दिवस आधी बोली टाकली म्हणजे त्याच्याकडेही एलियट नाही. किंवा हा संच नाही. आत्ता त्याचं १.२० दिसतंय, म्हणजे त्याच्या मागे कोणीतरी होतं आणि ते पडलं. खाली त्याचे किती दडले आहेत ते रविवारी दीडलाच कळणार, आणि हरले तर तेव्हाही नाही.

नियमाप्रमाणे माझी मर्यादा दहा. चिरंजीवांचं म्हणणं, शेवटचं कार्ड आहे, वीस कर. ताई म्हणते, सोडून दे, त्याला नेऊ दे आणि पुढच्या मळक्या प्रतीची वाट बघ, टाउनसेंडला केलंस तसं. ताईचं बरोबर आहे. पण टाउनसेंड दर महिन्याला दिसायचा, एलियट जूनपासून आज पहिल्यांदा दिसलाय.

सध्या कागदावर १४.३७ लिहिलंय. खोडलेलं नाही.